हार्ट अॅटॅक आणि आपण बेने इस्राएल

(सिनेगॉगच्या ५०व्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला बोलावले तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे आरोग्यावर बोला, आणि दुसरी म्हणजे आनंदाचा दिवस आहे, लोकांना घाबरवू नका. पहिली गोष्ट आम्ही मान्य केली. दुसरीचे वचन दिलेले नाही. नर्सने चाळीस वर्षे लोकांना न घाबरवता नोकरी केली असती, तर तिचे ऐकले कोणी असते?

आजचा विषय कसा सुचला ते आधी सांगतो. या स्मरणिकेसाठी दिवंगत सभासदांची यादी छापायची होती. कमिटीने हश्काबाची जुनी वही आमच्याकडे दिली, कारण आमचे अक्षर वाचता येते. वॉर्डातले चार्ट लिहून लिहून ते तसे झाले आहे. चार संध्याकाळी बसून आम्ही ती वही पहिल्या पानापासून उतरवून काढली. नाव, वडिलांचे नाव, गाव, तारीख, वय. उतरवता उतरवता एक गोष्ट डोळ्यांत भरली. सुरुवातीच्या पानांवर, म्हणजे १९७०च्या आणि १९८०च्या दशकांतल्या, पुरुषांची वये पाहा. पंचेचाळीस, एकावन्न, चोपन्न. कामावर गेले आणि परत आले नाहीत असे लोक. वही मृत्यूचे कारण सांगत नाही, पण त्या घरांत आपली ये-जा होती, कारण आपल्याला ठाऊक आहे. पुढे पुढे पाने उलटत गेलो तशी वये वाढत गेली. अलीकडच्या पानांवर ऐंशीच्या पुढचे आकडे जास्त. आई-वडिलांच्या हयातीत मुलगा गेला असे आता क्वचित.

हे आपोआप घडले नाही. कसे घडले, आणि आपल्या लोकांत ते इतरांच्या मानाने उशिरा आणि अपुरे का घडले, तेवढेच आज बोलायचे आहे.

हार्ट अॅटॅक म्हणजे काय हे इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे, कित्येकांना स्वतःच्या अनुभवाने. तरी दोन वाक्ये. आपल्या घरात किटलीला आतून चुन्याचा थर बसतो ना, इथल्या पाण्याने? रक्तवाहिनीत चरबीचा थर तसाच वर्षानुवर्षे बसत जातो असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. किटलीचा थर कडक असतो, तो फुटत नाही. रक्तवाहिनीतला थर मऊ असतो, आणि एक दिवस त्याला चीर जाते. चीर गेली की शरीर जखम समजून तिथे रक्ताची गुठळी बनवते, आणि ती गुठळी वाट बंद करते. म्हणून काल चार जिने चढलेला माणूस आज सकाळी कोसळतो. कालपर्यंत वाट अर्धी मोकळी होती. आणि म्हणूनच वेळेला एवढे महत्त्व. गुठळी लवकर काढली तर हृदयाचा तो भाग वाचतो, उशीर झाला तर मरतो, आणि हृदयाचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही.

आम्ही मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला तेव्हा, १९७०च्या दशकाच्या अखेरीस, या रोगावर आमच्या हातात फार थोडे होते. मॉर्फीन, ऑक्सिजन, अंथरुणातून उठू न देणे, आणि प्रार्थना. १९८१ साली इस्राएलला आलो, हिब्रू शिकलो, परवान्याची परीक्षा दिली आणि दक्षिणेतल्या एका इस्पितळाच्या हृदयविभागात लागलो. इथे मॉनिटर होते, हृदय थांबल्यास शॉक देण्याची यंत्रे होती, त्यामुळे इस्पितळात पोहोचलेल्यांपैकी बरेच वाचत. पण बंद झालेली वाट उघडण्याचे साधन तिथेही नव्हते. आम्ही पडद्यावरची रेषा बघत रात्र काढायचो.

मग १९८०च्या दशकात गुठळी विरघळवणारे औषध आले, स्ट्रेप्टोकायनेज. १९८८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. सतरा हजारांहून जास्त रुग्ण. त्यात दिसले की अॅटॅक आल्यावर साधी अॅस्पिरिन दिली तरी मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटतात, आणि अॅस्पिरिन व स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही दिले तर चाळीस टक्क्यांहून जास्त. पैशापासरी मिळणारी गोळी! आम्हा नर्सेसना त्या दिवसांत वाटले होते की आपल्याला थोडे आधी कोणी सांगितले असते तर. त्यानंतर फुग्याने वाट उघडणे आले, स्टेंट आले. आज अॅम्ब्युलन्समध्येच कार्डिओग्राम काढतात, तो इस्पितळात आधी पोहोचतो, आणि रुग्ण स्ट्रेचरवरून थेट कॅथेटरच्या खोलीत जातो.

ही झाली उपचारांची बाजू. पण केवळ उपचारांमुळे मृत्यू घटले असे समजणे चुकीचे आहे, आणि डॉक्टरांसमोरही आम्ही हे बोलत आलो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या मध्यापासून दहा वर्षे २१ देशांतल्या ३७ लोकसमूहांत प्रत्येक हार्ट अॅटॅकची नोंद ठेवली. जिथे मृत्यू घटले तिथे त्या घटीचा सुमारे दोनतृतीयांश भाग असा होता की मुळात अॅटॅकच कमी लोकांना आले. एकतृतीयांश भाग असा की अॅटॅक आलेले जास्त लोक वाचले. म्हणजे दवाखान्यापेक्षा स्वयंपाकघराने, सिगारेट सोडण्याने आणि रक्तदाबाच्या गोळीने जास्त काम केले. फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया प्रांतात १९७२ साली गावोगावी हेच काम सुरू केले, आणि पुढच्या पस्तीस वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. लोणी खाणारे, दूधदुभत्यावर जगणारे शेतकरी ते. त्यांनी बदल केला.

आपल्या इस्राएलातही १९७०च्या मध्यापासून उतार लागला. एके काळी हृदयविकार हे इथल्या मृत्यूंचे पहिले कारण होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगाने ती जागा घेतली. कर्करोग वाढला म्हणून नव्हे, तर हृदयविकाराचे मृत्यू मागे हटले म्हणून. आज सुधारलेल्या देशांच्या यादीत हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या देशांत इस्राएल बसतो. देशाचा एक सरासरी आकडा असतो खरा, पण त्या सरासरीत सगळे सारखे नसतात. आपल्या अरब शेजाऱ्यांत अॅटॅक लवकरच्या वयात येतो, तिथल्या पुरुषांत सिगारेट जास्त आहे हे एक कारण. आणि आपले काय, त्याकडे येतोच.

त्याआधी एका जुन्या इस्राएली पाहणीची गंमत सांगतो. १९६३ साली इथल्या सरकारी आणि नगरपालिकेच्या नोकरीतल्या सुमारे दहा हजार पुरुषांची पाहणी सुरू झाली, वय चाळीस आणि पुढे. वेगवेगळ्या देशांतून आलेले लोक मुद्दाम घेतले होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट सगळे विचारले, आणि त्यात एक प्रश्न असा होता की तुमची बायको तुमच्यावर प्रेम आहे हे दाखवते का? पाच वर्षांनी हिशोब केला तेव्हा दिसले, ज्यांनी ‘हो’ म्हटले त्यांना छातीत दुखण्याचा विकार कमी जडला, विशेषतः जे फार चिंता करणारे होते त्यांच्यात हा फरक ठळक होता. पुरुषमंडळी आता माना डोलवताहेत. पण नवरा प्रेम दाखवतो का, हे दहा हजार बायकांना कोणी विचारले नाही, हेही लक्षात ठेवा.

आता येमेनच्या यहुदी लोकांची गोष्ट, कारण ती आपल्या गोष्टीची मोठी बहीण आहे. १९४९-५० साली ते विमानांनी इथे आले. कष्टाळू, किडकिडीत माणसे. जेरुसलेमच्या हदासाच्या डॉ. कोहेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची तपासणी केली आणि १९६१ साली निष्कर्ष छापले. नुकत्याच आलेल्या येमेनी लोकांत मधुमेह दहा हजारांत सहा जणांना. आणि ज्यांना इथे येऊन पंचवीस वर्षे उलटली होती अशा येमेनी लोकांत शंभरात जवळजवळ तीन जणांना. तेच लोक, तेच रक्त. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा रोगही नव्यांत विरळा, जुन्यांत दिसू लागलेला. खाण्यात काय बदलले ते शोधले. येमेनमध्ये चरबी ते खातच होते. पण साखर जवळजवळ नव्हती, आणि इथे आल्यावर ती रोजची झाली. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या घरातला चहा आठवला. कपाला दोन चमचे, दिवसाला पाच कप, वर बिस्किट बुडवून.

आपले लोक कोकणातून निघाले तेव्हा शनवार तेली होते. तेल घाण्यावर निघायचे, पण घाण्यामागे चालावे लागे, पोती उचलावी लागत, नारळ फोडावे लागत. तेल काढणाऱ्याच्या घरी तेल मोजूनच वापरत, कारण ते विकायचे असे. मग मुंबईत आलो, रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत बसलो. मग इथे आलो, वाळवंटातल्या नव्या गावांत. आधी कारखान्यात उभे राहून काम केले, मग बसून. तीन पिढ्यांत घाण्यापासून खुर्चीपर्यंत. जेवणाचे ताट मात्र घाण्यावरच्या माणसाचे राहिले, आणि तेल घासाघीस न करता सुपरमार्केटमधून पाच लिटरच्या डब्याने येऊ लागले.

हे फक्त आपल्याच बाबतीत घडलेले नाही. हिंदुस्थानी माणूस परदेशात गेला की त्याचे हृदय लवकर थकते, हे इंग्लंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, त्रिनिदाद, फिजी, मॉरिशस सगळीकडे दिसले आहे. इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकात दक्षिण आशियातून गेलेल्या लोकांचे हृदयविकाराचे मृत्यू तिथल्या सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त होते. हिंदू असो, मुसलमान असो, शीख असो, मांस खाणारा असो की न खाणारा, सगळ्यांत तेच. मग साउथॉलमध्ये तपासण्या केल्या. १९९१ साली त्या छापून आल्या. कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांनी हा फरक उलगडेना. उलगडा झाला पोटावरून. आपल्या लोकांचे वजन बेताचे असले तरी चरबी पोटावर जमते, इन्सुलिनचे काम नीट होत नाही, साखर वाढते, आणि त्यातून हृदय बिघडते. हातपाय काडीसारखे आणि पोट मडक्यासारखे, हे आपल्या फोटोंच्या अल्बममध्ये कोणत्याही लग्नाच्या पानावर बघा.

पुढे २००४ साली ५२ देशांत मिळून केलेली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यातून निघाले की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अॅटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात जवळजवळ ५९व्या वर्षी. सहा वर्षे आधी. वहीतल्या पहिल्या पानांवरची वये पुन्हा आठवा. त्याच पाहणीने एक चांगली बातमीही दिली. सिगारेट, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोट, मनाचा ताण, फळेभाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूशी संबंधित सवय, एवढ्या नऊ गोष्टींनी जगभरच्या अॅटॅकपैकी नव्वद टक्क्यांचा हिशोब लागतो. आपल्या रक्तात काही शाप आहे असे नाही. शाप असता तर आम्ही आज बोलायला उभे राहिलो नसतो.

म्हणून इंच-टेप. दक्षिण आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८०च्या आत असावी. युरोपियन माणसाला दिलेली सूट आपल्याला नाही. आणि कंबर म्हणजे पँटचा पट्टा जिथे बांधता तिथे नव्हे. पुष्कळ पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात आणि तोच आकडा सांगतात. वॉर्डात आम्ही ही फसवणूक रोज पकडत होतो.

खाण्याबद्दल बोलताना आम्हाला जपून बोलावे लागेल, कारण समोर बसलेल्या भगिनींपैकी निम्म्यांच्या हातचे आम्ही खाल्ले आहे. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या पूर्वजांनी नारळाचे दूध घातले. फार हुशारीचे काम केले. ‘हेल्थ’वाल्यांपैकी कोणी येऊन नारळ सोडा म्हणाला तर आम्ही त्याच्याशी भांडू. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा नको, एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात नारळ नको, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. सण वर्षातून चार दिवस असतात. हृदय बिघडते ते रोजच्या जेवणाने. रोजच्या रस्श्यात अर्धा नारळ, रोज तळलेला मासा, शुक्रवारी पुऱ्या आणि त्याच तेलात शनिवारसाठी आणखी काही, मग उरलेले तेल बाटलीत भरून पुढच्या आठवड्याला. आणि मार्जरीन, ते तर आपले कोकणातलेही नव्हते, इथे येऊन शिकलो. जुन्या घट्ट मार्जरीनमध्ये हृदयाला सर्वांत वाईट अशी चरबी असायची. आपण ते लोण्यापेक्षा चांगले म्हणून वर्षानुवर्षे आनंदाने वापरले. नर्सेसनीसुद्धा. बिरड्यासारखी चांगली गोष्ट, मोड आलेले वाल, आपण वर्षातून एकदा सणाला करतो. ती दर आठवड्याला करा, ही आमची विनंती.

तेलाबद्दल एक उदाहरण मॉरिशसचे, कारण तिथेही आपल्यासारखे मराठी बोलणारे लोक आहेत. १९८७ साली तिथल्या सरकारने लोकांच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची धास्ती घेऊन एक साधे काम केले. रेशनवर मिळणारे तेल बहुतांशी पामचे होते, ते बदलून सोयाबीनचे केले. इतर प्रचारही केला. पाच वर्षांनी, १९९२ साली, लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल ठळकपणे उतरलेले सापडले. घराघरांत कोणी उपदेश न ऐकताही ते झाले, कारण डब्यात तेलच बदलले होते. आपल्या घरातला रेशनचा अधिकारी कोण ते आम्ही सांगायला नको. बाजारची पिशवी जिच्या हातात, तीच.

आता १९९१च्या जानेवारीची ती रात्र. इथे बसलेल्या सर्वांना आठवते. दार-खिडक्यांना चिकटपट्ट्या, दारापाशी ओला टॉवेल, तोंडावर गॅसचा मुखवटा, आणि रेडिओ. १८ जानेवारीच्या पहाटे पहिली क्षेपणास्त्रे तेल अविव आणि हैफाकडे पडली. आम्ही त्या रात्री ड्यूटीवर होतो, मुखवटा लावून मॉनिटरसमोर, एकमेकींचे बोलणे ऐकू येईना. पुढे काही वर्षांनी मृत्यूंचा हिशोब प्रसिद्ध झाला. त्या एका दिवशी देशात अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त माणसे मेली. क्षेपणास्त्रांचा मार लागून नव्हे, ते मृत्यू त्या सगळ्या लढाईत अगदी थोडे होते. ही माणसे मुख्यतः हृदयाने गेली. बायकांत वाढ पुरुषांपेक्षा जास्त होती. आणि नवल असे, की हल्ले पुढे पाच-सहा आठवडे चालू राहिले, पण मृत्यूंचा आकडा लगेच नेहमीसारखा झाला. माणसाला सवय होते, त्याच्या हृदयालाही होते. ज्यांचे हृदय आधीच नाजूक होते त्यांना पहिला धक्का सोसला नाही. त्यानंतरही आपल्या देशावर वाईट दिवस पुष्कळ आले. सायरनच्या काळात आमचा सल्ला नेहमी हाच राहिला आहे की शेल्टरच्या दारापाशी पाण्याच्या बाटलीबरोबर तुमच्या गोळ्यांची पुडी आणि औषधांची यादी ठेवा. धावपळीत पहिली विसरते ती गोळी.

आणि आता जी गोष्ट बोलायची नव्हती ती बोलतो, कारण तिच्याशिवाय हे भाषण खोटे होईल.

१९९४चा हिवाळा. आमची आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, पंधरा वर्षांची मधुमेही. शुक्रवारी दिवे लावून झाल्यावर तिला घाम फुटला, दम लागला, पोट फुगल्यासारखे वाटू लागले. छातीत दुखत होते का? नाही. जबडा थोडा दुखत होता, म्हणाली, दातामुळे असेल. आमच्या भावाने फोन उचलला तर ती म्हणाली, “शब्बाथ लागलाय रे, दाराशी गाडी नको. लोक काय म्हणतील? मला ओवा-सोडा दे, उतरेल.” आणि आम्ही दिला. आम्ही, हृदयविभागात त्या वेळी तेरा वर्षे काम केलेली नर्स. वॉर्डात दुसऱ्या कोणाची आई असती तर पाच मिनिटांत कार्डिओग्राम काढला असता. आपल्या आईपुढे आपण मुलेच असतो. तिला थोडे बरे वाटले, ती निजली. शनिवारी तारे दिसल्यावर आम्ही तिला नेले. अॅटॅक येऊन चोवीस तास होऊन गेले होते. गुठळी विरघळवण्याची वेळ निघून गेली होती. त्यानंतर ती अकरा महिने जगली, पण तिच्याने सिनेगॉगचा जिना चढवेना. शब्बाथला ती घरीच खिडकीत बसून तेफिल्ला म्हणायची. वहीत तिचेही नाव आम्ही उतरवले.

त्यातून काय शिकलो ते सरळ सांगतो. बाईचा अॅटॅक आणि मधुमेह्याचा अॅटॅक सिनेमातल्यासारखा असतोच असे नाही. छाती धरून कोणी कोसळत नाही. घाम, दम, मळमळ, जबडा, पाठ, हात, पोटाच्या वरच्या भागात दडपण, किंवा नुसता विलक्षण थकवा, कालपर्यंत नव्हता असा. वयस्क बाईने असे सांगितले आणि कोणी गॅस म्हणून परत पाठवले, असेही आमच्या पाहण्यात आहे. एका दवाखान्यात आपल्या समाजातल्या एका मावशींना दोनदा परत पाठवले, तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. तुम्ही खुर्चीवरून उठू नका, कार्डिओग्राम काढा म्हणा. उद्धटपणा होत नाही तो.

आणि शब्बाथ. हजानसाहेब इथे बसले आहेत, चूक असेल तर त्यांनी आम्हाला इथेच थांबवावे. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो असे नव्हे, मोडलाच पाहिजे. पिकुआख नेफेशपुढे शब्बाथ बाजूला होतो, आणि जीव धोक्यात आहे की नाही अशी शंका असली तरी होतो. फोन करा, दिवा लावा, गाडीत बसा. एकशे एक, मागेन दाविद आदोम. मुलाला बोलावून त्याच्या गाडीने जाऊ नका. मुलाच्या गाडीत शॉकचे यंत्र नसते, आणि घाबरलेला मुलगा गाडी कशी चालवतो ते आम्ही पाहिले आहे. फोनवर पलीकडून विचारतील, अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे का, रक्त पातळ करण्याची औषधे घेता का, आणि मग कदाचित एक अॅस्पिरिन चावायला सांगतील. सांगितली तर चावा, गिळू नका, चावल्याने लवकर लागू पडते. दाराची कडी काढून ठेवा.

अॅस्पिरिनवरून आठवले. आपल्यातले कितीतरी जण शेजाऱ्याने सांगितले म्हणून रोज सकाळी एक अॅस्पिरिन घेतात. ज्यांना अॅटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट आहे त्यांनी घ्यायचीच आहे, डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. पण ज्यांना कधी हृदयविकार झाला नाही आणि वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यांच्याविषयी २०१८ साली एक मोठी पाहणी आली. त्यांना रोजच्या गोळीचा फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. तेव्हा कुपत होलिमच्या डॉक्टरला विचारा. कोलेस्टेरॉलची गोळीही पाय दुखतात म्हणून स्वतःच बंद करू नका, दुसरी मिळते, कमी डोस मिळतो. आणि ती गोळी घेत असाल तर पोमेलो आणि द्राक्षफळ खाण्याआधी विचारून घ्या. काही गोळ्यांचे त्या फळांशी जमत नाही. हे आम्ही दर हिवाळ्यात सांगतो आणि दर हिवाळ्यात कोणीतरी पिशवीभर पोमेलो आमच्याच दारात आणून ठेवतो.

योम किप्पुरच्या उपासाबद्दल आम्हाला दरवर्षी फोन येतात, तोही दारफाळणीच्या आदल्या दिवशी, चार वाजता. मधुमेह्यांनी आणि हृदयरोग्यांनी हे दोन आठवडे आधी विचारायचे, आधी डॉक्टरला, मग रब्बींना. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर कशी घ्यायची, कोणी उपास करायचाच नाही, याची उत्तरे दोघांकडेही आहेत. ज्याला उपास करू नका सांगितले त्याने मान खाली घालून जेवायचे कारण नाही.

नातवंडांची गोष्ट राहिली. आपण सिगारेट सोडली, ते नरगिलेभोवती बसतात आणि फळांचा वास येतो म्हणून निरुपद्रवी समजतात. तो तंबाखूच आहे. या पिढीच्या कमरा आपल्या त्या वयातल्या कमरांपेक्षा मोठ्या आहेत. वहीतली वये पन्नास वर्षे वाढत आली, ती वाढतच राहतील असे आम्ही लिहून देऊ शकत नाही.

वेळ संपला, हजानसाहेब घड्याळाकडे पाहताहेत. मागच्या हॉलमध्ये टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि इंच-टेप ठेवले आहे, आमच्या बरोबरच्या दोन निवृत्त नर्सेस तिथे बसल्या आहेत. किद्दुशच्या आधी या, नंतर नको, कारण चहा आणि मिठाईनंतर आकडा खोटा येतो. पाच मिनिटे शांत बसून मगच हात पुढे करा. स्वेटरची बाही वर सरकवू नका, हात पूर्ण बाहेर काढा. जे गोळ्या घेतात त्यांनी नावे पाठ नसतील तर खिशातली पुडी दाखवा. बायकांसाठी पडदा लावला आहे.